पाण्यावर नसलेली सावली

त्या प्रकरणाला बरीच वर्षं झाली, तरी त्यातलं चित्र मी आजही डोळे मिटून जसंच्या तसं सांगू शकतो. मी तेव्हा ठाण्यातल्या एका पोलीस ठाण्याचा वरिष्ठ निरीक्षक होतो. निवृत्तीला तीन वर्षं उरली होती.

सकाळची हजेरी आटोपून मी टपाल बघत बसलो होतो. ठाणे अंमलदार आत आला. "साहेब, नौपाड्यातल्या एक म्हाताऱ्या बाई आल्यात. घरातलं चित्र चोरीला गेलं म्हणतात. कुठे होतं विचारलं, तर म्हणे भिंतीवर. आता कुठे आहे विचारलं, तर म्हणे भिंतीवरच आहे."

"मग?"

"तिसऱ्यांदा आल्यात साहेब. दोनदा समजूत काढून परत पाठवलं."

मी त्यांना आत बोलावलं. वय ऐंशीच्या आसपास, पण खुर्चीत ताठ बसल्या. मूळच्या किनाऱ्यावरच्या ख्रिस्ती कुटुंबातल्या. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या. पती बोटीवर इंजिनीअर होते, ते वारले होते. मूलबाळ नव्हतं.

"भिंतीवर आहे ती नक्कल आहे," त्या म्हणाल्या. "माझं चित्र कोणीतरी बदललंय. तुमच्या माणसांना वाटतं, मलाच भ्रम झालाय."

त्यांचे पती तरुणपणी व्हिएतनामच्या एका बंदरात टायफॉइडने आजारी पडले आणि बोट त्यांना सोडून पुढे गेली. तिथल्या एका चित्रकाराच्या कुटुंबाने त्यांची दीड महिना सेवा केली. निघताना चित्रकाराने रेशमावर काढलेलं एक चित्र त्यांना दिलं. पाण्याच्या काठी वाकून केस धुणारी बाई.

त्या गेल्या आणि दुपारी मला एक फोन आला. बाईंचा भाचा, राहणारा डोंबिवलीचा. बोलणं अतिशय गोड. "साहेब, मावशीचं मनावर घेऊ नका. तिला हल्ली काही आठवत नाही. गॅस चालू ठेवते. आम्ही तिला वृद्धाश्रमात ठेवायचं बघतोय, डॉक्टरांचा दाखलापण काढतोय."

मावशीने तक्रार केल्याचं भाच्याला कळलं, यात विशेष नव्हतं. बाईंनीच सांगितलं असेल. पण दाखल्याची एवढी घाई का, हे मला खटकलं. तो दाखला एकदा निघाला असता, तर बाईंच्या कुठल्याच शब्दाला किंमत उरली नसती.

दुसऱ्या दिवशी मी एका महिला शिपायाला घेऊन त्यांच्या घरी गेलो. चित्र भिंतीवर होतं. मला तर ते छानच वाटलं.

बाईंनी आम्हाला समोर उभं केलं, वर्गात करतात तसं. "ह्या चित्रकाराचे गुरू फ्रेंच होते. चेहरा बघा. उजेड एका बाजूने आलाय, हनुवटीखाली काळोख, मनगटाचं हाड बरोबर जागेवर. हे तो पश्चिमेकडून शिकला. पण पाणी त्याने काढलंच नव्हतं. रेशीम कोरं सोडलं होतं. ती कोरी जागाच पाणी. ते त्याच्या आजा-पणजाकडून आलेलं. दोन्ही एका चित्रात नांदवणं, यातच त्याची कमाल होती. आता इथे बघा. कोणीतरी बाईखाली सावली घातलीय. सावली आली की जमीन आली. पाणी मेलं."

"पण बाई, आधी सावली नव्हती कशावरून?" महिला शिपायाने विचारलं.

"शाबास. हाच प्रश्न पहिल्या दिवशी विचारायला हवा होता." बाईंनी अल्बम काढला. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाचा फोटो, नवराबायको केक कापताहेत, मागे तेच चित्र. मी भिंग लावलं. बाईखाली सावली नव्हती.

"आणि मागची बाजू बघा," त्या म्हणाल्या. "तिकडचे चित्रकार रंग लावतात, रेशीम धुतात, परत रंग लावतात. रंग आरपार उतरतो."

दोन पंचांसमोर फ्रेम उघडली. मागे रेशीम पांढरंफटक होतं. त्याच संध्याकाळी मी गुन्हा दाखल केला.

चित्रांचा व्यापार मला कळत नव्हता, पण चित्र बदलायचं तर फ्रेम उघडावी लागते, एवढं कळत होतं. मी खबऱ्यांना फ्रेमवाल्यांकडे पाठवलं. चौथ्या दिवशी खोपटच्या एस.टी. डेपोजवळचा एक दुकानदार सापडला.

"एक जण आलेला साहेब," तो म्हणाला. "लोक जुनी फ्रेम टाकून नवी करतात. ह्याला नव्या चित्राला जुनी फ्रेम पायजे होती. खिळेपण तेच ठोका म्हणाला. म्हणून लक्षात राहिला."

पावतीपुस्तकात मोबाइल नंबर होता. भाच्याचा. गुन्हेगार फार हुशार असतो असं लोकांना वाटतं. माझ्या अनुभवात तो बहुतेक वेळा घाईत असतो.

भाच्याला चौकशीला बोलावलं. मी चहा मागवला आणि त्याला बोलू दिलं. चौकशीत गप्प बसणं हे निम्मं काम असतं. तो म्हणाला, मावशी गावी गेली असताना फ्रेमला वाळवी लागलेली दिसली, ती फक्त दुरुस्त करून आणली.

मी फोटो पुढे ठेवला. "ही सावली मग कुठून आली?"

तो म्हणाला, "मावशीनेच काढली असेल. चित्रकलेची बाई ना ती. काढली आणि विसरली."

तेव्हा मात्र मला राग आला. ज्या बाईने त्याला लहानपणी हात धरून रेघ मारायला शिकवलं, तिच्या डोक्यावर तो स्वतःचं पाप ठेवत होता. मी आवाज चढवला नाही. फ्रेमवाल्याला आत बोलावून समोर बसवलं. "हाच तो," फ्रेमवाला म्हणाला. भाच्याने पाणी मागितलं. ग्लास रिकामा झाल्यावर त्याने सगळं सांगितलं.

मूळ चित्र त्याच्या डोंबिवलीच्या घरात कपाटामागे मिळालं. तो चित्रकार पुढे नावाजला होता, त्याच्या चित्रांना आता लाखोंची किंमत होती; गिऱ्हाईक त्याच आठवड्यात येणार होतं. नक्कल काढणारा माणूसही डोंबिवलीचाच, लग्नांचे आणि नाटकांचे पडदे रंगवणारा. घरात ठेवायला प्रत हवी, एवढंच त्याला सांगितलं होतं. जबाबात त्याने सांगितलं,

"मोबाइलवरच्या फोटोत बाईखाली कायच नव्हतं साहेब. मला वाटलं, काढणारा विसरला. बाई हवेत लोंबकळल्यासारखी दिसत होती. म्हणून मी आपली सावली टाकली. चांगली जमली होती ओ."

जे त्याला चुकून राहिलेलं वाटलं, तेच त्या चित्राचं मर्म होतं.

बाईंचं वय पाहून न्यायालयाने खटला लवकर चालवला. बचाव पक्षाच्या वकिलांनी उलटतपासणी तिथूनच सुरू केली, जिथून मला अपेक्षा होती. "आजी, आज सकाळी काय खाल्लंत आठवतं का?"

"चहा आणि पाव. आणि मी इथे साक्षीदार आहे, आजी घरी." मग त्या म्हणाल्या, "तुमच्या गळ्यातल्या पांढऱ्या बॅण्डची डावी पट्टी उजवीपेक्षा बोटभर लांब आहे. सरळ करून घ्या."

न्यायाधीशांनी हसू आवरलं. दोन्ही चित्रं समोर धरण्यात आली. बाईंनी चष्मा पुसला, एकदाच पाहिलं आणि मूळ चित्राकडे बोट दाखवलं. भाच्याला शिक्षा झाली. साक्षीदाराची स्मृती आणि निरीक्षणशक्ती निर्विवाद आहे, असं निकालपत्रात स्पष्ट लिहिलं गेलं. वृद्धाश्रमाचा विषय पुन्हा कोणी काढला नाही.

सेवेत मी याहून मोठे गुन्हे उघडकीस आणले. पण कोणी विचारलं, की अभिमान कशाचा, तर मी हे प्रकरण सांगतो. आमच्याच ठाण्याने त्या बाईंना दोनदा परत पाठवलं होतं, हेही सांगतो. तक्रार विचित्र वाटली, की आपण तक्रारदाराचं डोकं तपासायला निघतो. त्याला काय दिसलं, ते आधी विचारावं, एवढं मी शिकलो, आणि नंतरच्या तीन वर्षांत हाताखालच्या प्रत्येकाला शिकवलं.

निकालाच्या दिवशी कोर्टाबाहेर मी म्हणालो, "चला बाई, जीपने घरी सोडतो."

"नको रे बाबा. जीपमधून उतरले तर शेजारी म्हणतील, बाईलाच पकडलं. मी रिक्षाने जाते. चित्र मात्र बंदोबस्तात आण हं." इतके दिवस मला 'तुम्ही' म्हणणाऱ्या बाई त्या दिवशी पहिल्यांदा 'अरे-तुरे'वर आल्या.

त्या रिक्षात बसल्या. साक्षीदाराला सॅल्यूट करायची आमच्यात पद्धत नाही. मी टोपी नीट केली आणि टाचा जुळवून कडक सॅल्यूट केला. रिक्षा वळेपर्यंत हात खाली घेतला नाही.