जमिनीवर ठेवलेलं हेल्मेट

वीबे टोल्समाने आयुष्यात कुणाकडे कधी मदत मागितली नव्हती, आणि त्याला त्याचा केवढा तोरा होता. आमच्या कालव्यावरच्या पुलाचा तो एकतीस वर्षं राखणदार. बोटवाल्यांनी भोंगा वाजवायचा, मग हा केबिनमधून सावकाश उठून पूल उघडणार. दुसऱ्याने मागायचं आणि आपण करायचं, हीच त्याला सवय.

दोन वर्षांपूर्वी बांधावरच्या रस्त्याने मोटरसायकलवरून येताना त्याच्या छातीत कळ आली. शहाणा माणूस थांबला असता. हा अठरा किलोमीटर गाडी हाणत घरी आला, गाडी शेडमध्ये लावली, साखळीला चिखल लागला होता तो पुसला, तेल दिलं, आणि मग बायकोला म्हणाला, "हिस्के, हात मोकळा झाला की जरा डॉक्टरला फोन करतेस का?" थोडक्यात वाचला. हृदयाच्या दुखण्याबद्दल हिस्केची तक्रार नव्हती, ते कुणालाही होतं. साखळी पुसल्याचं मात्र तिने त्याला आजतागायत माफ केलेलं नव्हतं.

आता आमच्याकडे मोटरसायकलची शर्यत म्हणजे आसन गावातली, घरापासून तासाभरावर. वीबेने ती चौतीस वेळा पाहिलेली. पंचवीस झाल्या तेव्हा क्लबाने त्याला कमरेचा रुंद पट्टा दिला, वाऱ्यापासून पाठ सांभाळायला बांधतात तसला, वर त्याचं नाव कोरलेलं. पण त्याचा जीव अडकला होता इटलीत, मुजेल्लोच्या टेकड्यांवर. मरायच्या आधी एकदा तिथली शर्यत पाहायची, तीही स्वतःच्या गाडीवरून जाऊन.

या वसंतात डॉक्टरने हो म्हटलं. हिस्केचे गुडघे गेलेले, नाहीतर तीस वर्षं तीच मागच्या सीटवर असायची. ती म्हणाली, "जा एकटा. पण वाटेत काही झालं तर आल्या आल्या गाडी विकायची. फोपे बेकरीवाला कधीचा टपून बसलाय. कबूल?"

"कबूल," वीबे म्हणाला. नाही म्हणून सांगतो कुणाला.

"आणि तो पट्टा बदल. तुझं पोट वाढलंय."

"पट्ट्यावर माझं नाव आहे."

"पोटावर नाहीये ना," हिस्के म्हणाली.

ऐकेल तर तो वीबे कसला. जर्मनीत दोन दिवस पाऊस अंगावर घेत, समोरून येणाऱ्या प्रत्येक मोटरसायकलवाल्याला रामराम म्हणून डावा हात दाखवत तो आल्प्सच्या पायथ्याशी पोचला. तिसऱ्या दिवशी सकाळी उतरला होता त्या घरच्या बाईने पावाचे मोठमोठे उकडलेले गोळे वाढले. याने चार हाणले. पुढे याऊफनचा घाट, वळणावळणांचा, तेव्हा पाठ ताठ हवी म्हणून पट्टा नेहमीपेक्षा दोन बोटं जास्त आवळला आणि निघाला.

अर्ध्या घाटात त्याला श्वास पुरेना. छातीवर दगड ठेवल्यासारखं झालं आणि कपाळाला घाम फुटला. खिशात फोन होता. पण फोन केला की रुग्णवाहिका, रुग्णवाहिका आली की हिस्के, आणि हिस्केला कळलं की फोपे बेकरीवाला. माथा चार वळणांवर होता. तिथे खानावळ होती, बसायला बाक होता. दुसरी कुठलीही वेळ असती तर त्याने दात आवळून गाडी वर नेली असती.

या वेळी का कोण जाणे, त्याने गाडी कडेला घेतली. स्टँडवर लावली. हेल्मेट काढलं, आणि कधी नव्हे ते आरशावर न अडकवता गाडीच्या मागे जमिनीवर ठेवलं. गाडीवाल्यांच्या जमातीत याचा एकच अर्थ होतो: मी अडचणीत आहे, थांबा. दुसऱ्यांची अशी हेल्मेटं पाहून वीबे शंभरदा थांबला असेल. स्वतःचं ठेवताना त्याला इतकी लाज वाटली, की त्याने तोंड दरीकडे फिरवलं.

एक मिनिटही गेलं नसेल. हिरव्या मोटरसायकलवरून एक बाई आली आणि थांबली. झ्वोंका तिचं नाव, मारिबोरच्या दवाखान्यात नर्स, तीही मुजेल्लोलाच निघालेली.

"काय होतंय काका?"

"काही नाही," वीबे म्हणाला. मग खाली हेल्मेटकडे बघून म्हणाला, "छाती. आधी एकदा झालंय."

तिने त्याला खाली बसवलं, नाडी धरली आणि जाकीट उघडलं. उघडल्यावर ती थबकली. "हे काय बांधलंय? बैलाचं आहे का?" तिने पट्ट्याचं बक्कल सोडलं, आणि वीबेचं पोट असं बाहेर आलं की त्याला स्वतःलाच कसंसं झालं. त्याने एक श्वास घेतला. मग दुसरा, पार खोल. दगड गेला होता.

"सकाळी काय खाल्लंत?"

"गोळे."

"किती?"

"चार."

झ्वोंका हसली, पण सोडायला तयार नव्हती. गाडी तिथेच कुलूप लावून ठेवायला लावली आणि त्याला मागे बसवून खालच्या गावातल्या डॉक्टरकडे नेलं. तिथे तारा लावून हृदय तपासलं. डॉक्टरने कागद दोनदा पाहिला आणि म्हणाला, "हृदय छान चाललंय. पट्टा सैल बांधा." वीबेचा जीव भांड्यात पडला. बाहेरच्या पायरीवर बसून तो बराच वेळ नुसता श्वास घेत राहिला. झ्वोंकाला त्याने आभार म्हणून आमच्याकडची खारट ज्येष्ठमधाची गोळी दिली. तिने ती तोंडात घातली आणि लगेच रुमालात काढली.

"बायकोला सांगू नका," ती म्हणाली. "तसं काही झालेलंच नाही."

तिचंही खरं होतं. हिस्केला कुणी सांगणार नव्हतं. गाडी वाचली असती. वीबेने फोन हातात घेतला, खिशात ठेवला, पुन्हा काढला आणि लावला. जे घडलं ते सगळं सांगितलं, गोळ्यांच्या आकड्यासकट.

"थांबलास कुठे?" हिस्केने विचारलं.

"घाटात. अर्ध्यावर."

"माथ्यावर नाही गेलास?"

"नाही. हेल्मेट खाली ठेवलं."

"तू? हेल्मेट?" मग तिने अगदी हळू विचारलं, "साखळी पुसलीस का आधी?"

"नाही गं. तशीच आहे. घाण आहे."

पलीकडून नाक शिंकरल्याचा आवाज आला. हिस्के रडत होती. तिला रडताना वीबेने लग्नापासून दोनदाच ऐकलं होतं. गेली गाडी, असं त्याने मनाशी धरलं.

"फोपेला सांगते दुसरी बघ म्हणून," ती म्हणाली. "तू जा, शर्यत बघ. आणि आता खुशाल सावकाश ये. मी निवांत झोपेन रात्री."