आतोबांची बाग आणि डिंक्या

झाडाच्या दुखण्याने आमच्या आतोबांइतका हवालदिल होणारा आणि माणसाच्या दुखण्याने इतका कमी हलणारा माणूस अख्ख्या जालना जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. आतोबा म्हणजे माझ्या सख्ख्या आत्याचे यजमान. केदारखेड्याला त्यांची मोसंबीची बाग होती. माझा पाय मोडला तेव्हा ते मला बघायला जालन्याच्या दवाखान्यात आले खरे, पण फाटकाजवळच्या गुलमोहराच्या खोडाला त्यांना भेग दिसली आणि भेटायची वेळ संपेपर्यंत ते त्या गुलमोहरापाशीच रमले. मग आत सोडेनात म्हणून खिडकीशी येऊन उभे राहिले. "तुझं हाड जुळंल रे," बाहेरूनच म्हणाले, "पर त्या गुलमोहराचं काही खरं न्हाई. बुडातून सडून राह्यलाय." हाड जुळलं. पुढच्या वादळात गुलमोहर आडवा झाला, आणि कुणीतरी जवळचं गेल्यासारख्या आवाजात आतोबांनी मला फोनवर विचारलं, "पडताना कुणी होतं का रे त्याच्याजवळ?"

त्यांचे हात कायम निळे असायचे. मोरचूद आणि चुना कालवून झाडाच्या बुंध्याला लावायचा जो लेप करतात, त्याचा तो रंग. एकही सदरा त्यातून सुटला नव्हता. माझ्या हळदीला ते बागेतून तसेच उठून आले, आणि आजही आमच्या जालन्यातल्या मस्तगडच्या घरातल्या फोटोत मी सगळा पिवळा आणि दोन्ही गालांवर चार-चार निळी बोटं असा बसलेलो आहे. बागेच्या तोंडाशी त्यांनी चुन्याने भरलेलं पसरट घमेलं ठेवलं होतं. त्यात पाय बुडवल्याशिवाय आत जायचं नाही. नवा जावई नव्याकोऱ्या बुटांसकट त्यात उभा राहिला. मतं मागायला आलेला एक पुढारी मात्र तयार होईना, तर आतोबांनी त्याला हात जोडून रस्त्याकडे वळवलं. "साहेब, बुरशी पायाला चिटकून येती. पावणा कोन, पुढारी कोन, तिला समजत न्हाई." दुसऱ्यांच्या बागेत मात्र ते न बोलावता शिरत, खिशातल्या चाकूने खोडाची साल खरवडून वास घेत, आणि जे असेल ते मोठ्याने सांगत. एकाच्या घरी सत्यनारायणाला बसलेले असताना पोथी चालू असतानाच खिडकीतून बघून म्हणाले, "ती कडेची चार झाडं गेली बरं का." यजमानाने पंधरवडाभर तोंड फिरवलं. पण शेंडे वाळायला लागले, खोडातून तपकिरी डिंक गळायला लागला, की तोच माणूस आतोबांना मोटारसायकलवर बसवून न्यायला यायचा. ह्या रोगाला आमच्याकडे डिंक्या म्हणतात. बुंधा सडतो, डिंक वाहतो, वरून फांद्या वाळत येतात. आतोबा त्याचं नावही जरा आवाज उतरवून घ्यायचे.

मग एका वर्षी पाऊस हटेचना. काळ्या रानात पाणी तुंबून राहिलं. त्या वर्षी सणाला मी गेलो तर आतोबा घरीच. "बागेत चिखल हाय, नको जाऊ," म्हणाले आणि विषय बदलला. आत्या चुलीपाशी हळूच म्हणाली, "मलाबी जाऊ देऊन न्हाई राह्यले. डबा बांधावर ठिवून येते मी."

मी मागच्या बाजूने गेलो. पानं पिवळी, शेंडे उघडे, आणि जाणारं झाड कसं वेड्यासारखं धरतं तशी प्रत्येक फांदीला बारीक बारीक मोसंबी लगडलेली. सगळ्या बुंध्यांना कमरेएवढा निळा लेप थापला होता, आणि लेपाखालून डिंक फुटून वाहत होता. आधी सडकी साल खरवडून काढायची, मगच लेप लावायचा, हे त्यांनी गावोगाव ओरडून सांगितलं होतं. स्वतःच्या एकाही झाडाची साल त्यांनी काढली नव्हती. खाली काय आहे ते त्यांना बघायचं नव्हतं.

बांधापलीकडे उताराला रफिकभाईंची बाग. झाडं जवान, पहिल्यांदाच फळावर आलेली. रोपं आतोबांनीच निवडून दिली होती. त्या पावसात रफिकभाई दारात येऊन काय म्हणाले ते आत्याने मला नंतर सांगितलं. "भाऊ, तुमचं पानी माझ्या बागेत उतरून राह्यलं. सच सांगा, डिंक्या तर न्हाई ना? असंल तर मी आजच मधे चर खांदतो." आतोबा म्हणाले, "बिलकुल न्हाई. पान्यानं पिवळी पडली, होतील बराबर." झाडांच्या बाबतीत आतोबांचा शब्द म्हणजे शब्द. रफिकभाईंनी चर खोदला नाही.

उन्हाळ्यात त्यांच्या बांधाकडच्या झाडांचे शेंडे वाळले. आत्याचा फोन आला म्हणून मी गेलो, तर आतोबा ओसरीवर टोपी घालून बसलेले. "चल माझ्यासंगं," म्हणाले. रफिकभाई जेवत होते. आतोबा दारातच उभे राहिले. "मी तुमाला खोटं बोल्लो. डिंक्याच होता. मला तवाच कळल्तं."

रफिकभाईंचा घास हातातच राहिला. "क्यूं पर, भाऊ? तुमी दुनियेला सांगत फिरता."

"तुमाला सांगितलं असतं तर मलाबी ऐकाया लागलं असतं."

रफिकभाईंनी ताटात हात धुतला आणि ते उठून आत गेले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं, असं आतोबा वाटेत म्हणाले.

त्याच आठवड्यात त्यांनी जेसीबी आणून आपली सगळी बाग मुळासकट उपटली आणि जागेवर जाळली. ओली लाकडं नीट पेटेनात, नुसता धूर. यंत्र परत निघालं तेव्हा आतोबांनी ते रस्त्यात अडवून त्याचे दात चुन्याच्या पाण्याने धुवायला लावले. चालक शिव्या देत होता. एरवी ह्यावर गाव वर्षभर हसलं असतं. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

रफिकभाईंनी चर खोदला, गेलेली झाडं काढली, राहिलेली जपली. दोन्ही घरांचं बोलणं बंद झालं. आतोबांनी रानात सोयाबीन पेरलं आणि कुणाच्या बागेत जाणं सोडलं. कुणी न्यायला आलं तर "माझं काही ऐकू नका" म्हणून परत पाठवत. पारावरच्या वडाखालून जातानासुद्धा मान खाली. सदरे पांढरेच राहायला लागले. आत्याने आयुष्यभर त्या निळ्या डागांना नावं ठेवली होती. आता दोरीवरचे ते स्वच्छ कपडे तिला बघवेनात.

पुढच्या हिवाळ्यात मी तिथे असताना दुपारी रफिकभाई दारात आले. चपला काढल्या नाहीत. "भाऊ, जरा चला. एक झाड दाखवायचंय."

आतोबा पटकन उठले, मग दारातच थबकले. रफिकभाई पुढे, आतोबा मागे, त्यांच्या मागे मी. बागेच्या मधोमध एक भरदार झाड होतं, एका अंगाने पिवळं पडलेलं. आतोबा हात मागे बांधून लांबच उभे राहिले. "बघा की," रफिकभाई म्हणाले. तेव्हा ते खाली बसले, नखाने साल जराशी उचलली, वास घेतला, आणि बराच वेळ तळहात बुंध्यावर तसाच ठेवला.

"हे न्हाई वाचायचं, रफिकभाई," ते म्हणाले.

"मला म्हाईत हाय," रफिकभाई म्हणाले. "तुमच्या तोंडून ऐकायचं होतं."

मग ते दोघे त्या झाडाखालीच बसले. पानं गळून सावली विरळ झाली होती, म्हणून एकमेकांकडे सरकून बसावं लागत होतं. मी घरी येऊन आत्याला चहा ठेवायला सांगितला. रफिकभाईंचाही ठेव म्हणालो, तर ती चुलीपाशी बसल्या बसल्या पदर डोळ्यांना लावून रडायला लागली.