भातावर वाफवलेलं शिफारसपत्र

शिफारसपत्र भातावर वाफवायचं नसतं, हे मला वयाच्या बाविसाव्या वर्षी कळलं.

बाबांची बँकेतली बदली सांगलीहून बनारसला झाली आणि आम्ही दुर्गाघाटावर बिऱ्हाड थाटलं. तिथेच मी वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. केलं. वर्गात इंग्रजी, घरात मराठी; माझं हिंदी भाजीवाल्यापलीकडे गेलंच नाही! आता पुण्याला संशोधनाची जागा मिळण्याजोगी होती, फक्त आमच्या विभागातल्या पांडे सरांचं पत्र हवं होतं. नाही मिळालं तर मिरजेचं एक स्थळ आईने तोंडपाठ करून ठेवलं होतं.

झाडांविषयी इंग्रजीत लिहायचं आणि माणसांविषयी हिंदीत, असा सरांचा नियम. त्यांनी बंद पाकीट हातात दिलं. "सीधे पुणे भेज दीजिए।"

मी ते सरळ घरी आणलं.

"बघू तरी काय लिहिलंय!" आई म्हणाली.

"अगं, चिकटवलंय ते!"

"मग? भात शिजतोच आहे."

पाकीट उघडलं. बाबांनी खणखणीत आवाजात वाचायला घेतलं, "'कुमारी सुधा निरंतर चेष्टा करती रहती हैं। मेरा आग्रह है कि इन्हें आगे शिक्षा अवश्य मिले।'"

ती ओळ त्यांनी पुन्हा एकदा मनात वाचली.

"सुधे," बाबांनी चष्मा काढला, "सरांची चेष्टा करतेस तू?"

करत होते ना! तोंडात पान, रस सांडू नये म्हणून हनुवटी आकाशाला, आणि त्याच स्थितीत बागेतल्या माळ्याला 'पुष्प के पाँच भाग' शिकवणारे पांडे सर मी मैत्रिणींना रोज करून दाखवत असे. (हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, हे मला एरवी ठाऊक होतं हो! पण चोराच्या मनात चांदणं.)

"चल, पाय धर त्यांचे!" बाबांनी पाकीट खिशात घातलं, पेढे घेतले, मला नावेत घातलं आणि आम्ही थेट अस्सी घाटावर सरांच्या दारात.

"सर, लड़की नादान है," बाबा हात जोडून म्हणाले. "उसने चेष्टा किया।"

"बहुत अच्छा! और करे!"

बाबा गांगरले. "पर शिक्षा मत दीजिए, सर!"

"क्यों? लड़की है इसलिए?" सर भडकले. "शिक्षा तो मिलनी ही चाहिए!"

"हम घर पर देंगे!"

"घर पर क्या देंगे? पुणे में मिलेगी!"

"एवढ्या लांब नेऊन?" बाबा रडकुंडीला येऊन मराठीत पुटपुटले.

आता मला राहवेना. पुण्याची जागा चाललीच होती, निदान बाबांना तरी सोडवावं म्हणून मी ओरडले, "सर, मैंने आपकी नकल की है!"

सरांचा चेहरा उतरला. "नकल? परीक्षा में?"

अरे देवा! हिंदीत नकल म्हणजे कॉपीसुद्धा!

"पत्र वापस कीजिए," सर थंडपणे म्हणाले. बाबांनी दिलं. सरांनी पाकीट उलटसुलट केलं. "यह खुला कैसे?" उत्तर पाकिटालाच चिकटलं होतं. भाताचं शीत!

कॉपी केली नाही, हे सिद्ध करायला एकच मार्ग उरला होता. मी डोळे मिटले, हनुवटी वर केली, गालात काल्पनिक पान धरलं आणि सुरू झाले, "पुछ्प के पाँछ भाग..."

आधी आतून सरांच्या बायकोचं खिदळणं ऐकू आलं. "अरे, ये तो बिलकुल आप ही हैं!" मग सरही हसू लागले. (हनुवटी वर करून! नाहीतर रस सांडला असता.) हसता हसता त्यांनी समजावलं, चेष्टा म्हणजे प्रयत्न आणि शिक्षा म्हणजे शिक्षण.

"हात्तिच्या!" म्हणत बाबांनी पेढ्यांचा पुडा उघडला आणि पहिला पेढा स्वतःच खाल्ला. मला तर आनंदाने रडूच आलं. सरांनी तिथल्या तिथे नवीन पत्र लिहिलं, शेवटी एक ओळ वाढवली आणि या खेपेस मोठ्याने वाचून दाखवलं, "'छात्रा अत्यंत सत्यवादी है। जो पूछा न जाए, वह भी बता देती है।'"

पुण्याला मुलाखतीत प्रमुखांनी नेमक्या त्याच ओळीवर बोट ठेवलं. "म्हणजे नक्की काय हो?"

मला जागा मिळाली. मिळणारच होती म्हणे. आधीच्या दोन ओळी वाचूनच त्यांनी ठरवलं होतं. पण ते मला कळलं पाऊण तासाने, भाताच्या वाफेपासून पेढ्यांपर्यंत सगळं अभिनयासह सांगून झाल्यावर!