वाघमारे मॅडम पलीकडे उतरतात

वाघमारे मॅडमबरोबर मी आयुष्यातले बरेच रविवार डोंगर चढण्यात घालवले. पण कुठले डोंगर, असं कुणी विचारलं तर मला आजही नीट सांगता येत नाही. मॅडम आधी सांगायच्या नाहीत आणि नंतर मला आठवायचं नाही. सकाळी विठ्ठलवाडीच्या डेपोत हजर व्हायचं, त्या बोट दाखवतील त्या एसटीत चढायचं, त्या उठल्या की उठायचं, उतरल्या की उतरायचं. सोमवारी कंपनीत कुणी "काय भोईर, काल कुठे?" असं विचारलं की मी "त्या बाजूला" म्हणून हाताने एक दिशा दाखवायचो. ती बहुतेक वेळा समुद्राची असायची.

अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत त्या पॅकिंगच्या सुपरवायझर होत्या आणि मी स्टोअरमध्ये. बुटक्या, भरभर चालणाऱ्या, आवाज मात्र पत्र्याच्या शेडच्या या टोकाहून त्या टोकापर्यंत जाणारा. कंपनीत आमचा संबंध खोक्यांपुरता. डोंगराशी माझा संबंध आला तो एका साखरपुड्यामुळे. मुरबाडला चुलतभावाचा साखरपुडा होता. मी इस्त्रीचा शर्ट, चकचकीत बूट आणि हातात आहेराचं भिंतीवरचं घड्याळ घेऊन विठ्ठलवाडीला माळशेजकडे जाणाऱ्या एसटीत बसलो आणि लगेच झोपलो. कुणीतरी खांद्याला हलवलं. "भोईर, उतर, आलं." सुपरवायझरचा आवाज, त्यामुळे उतरलो. गाडी निघून गेली. आजूबाजूला मुरबाड नव्हतं. एक फाटा होता, दोन कोंबड्या होत्या आणि समोर नाणेघाटाची भिंत उभी होती.

"मॅडम, मला मुरबाडला उतरायचं होतं."

"मुरबाड केव्हाच गेलं. मला वाटलं, तुलाही डोंगरच चढायचाय."

"या बुटांनी?"

"मी म्हटलं, असेल बाबा एकेकाची हौस."

परतीची गाडी कधी येईल ते तिथे कुणालाच सांगता येईना. मग मी घड्याळ काखेत मारून नाणेघाट चढलो. वर पोचल्यावर मी साहजिकच परत फिरलो, तर मागून आवाज आला, "तिकडे कुठे? आपण पलीकडे उतरतो." म्हणजे जुन्नरला. ठाणे जिल्ह्यातल्या साखरपुड्याला निघालेला माणूस संध्याकाळी पुणे जिल्ह्यातल्या स्टँडवर भेळ खात बसला होता. बायकोला फोन करून खरं सांगितलं, ते तिला अजून खोटं वाटतं. मॅडमनी मला चुकून उठवलं की सोबत हवी म्हणून उठवलं, ते मात्र मला कधीच कळलं नाही.

पलीकडे उतरणं हा त्यांचा एकमेव नियम. ज्या वाटेने चढल्या त्या वाटेने त्या कधी आल्या नाहीत. म्हणायच्या, "गाडीवाल्याचा जीव गाडीत अडकलेला असतो रे. कितीही उंच जाऊ दे, त्याला खाली तिथेच यायचंय. आपली एसटी आपल्याला सोडून गेली, आपण सुटलो." पलीकडच्या गावात पोचलं की पहिल्या दिसेल त्या माणसाला विचारायच्या, "दादा, गाडी आहे का?" आणि आपल्याकडचा गावकरी पाहुण्याला नाही म्हणत नाही. "येल ना, बसा की ताय," असं म्हणून तो पाणी आणून द्यायचा. गाडी येणं न येणं हा पुढचा प्रश्न.

एकदा असेच बसलो असताना संध्याकाळी खरोखरच एसटी आली. मी धावत जाऊन खिडकीतून रुमाल टाकला आणि जागा धरली. ड्रायव्हर उतरला, कंडक्टर उतरला. मग त्यांनी शर्ट काढून खिडकीच्या दांडीला वाळत घातले आणि पारावर कांदे चिरायला बसले. गाडी मुक्कामी होती. मॅडम पाराकडे बघत शांतपणे म्हणाल्या, "धरलीस ना जागा? छान. उद्या सकाळची आहे."

"भोईर," त्या मला नेहमी म्हणायच्या, "तुझ्या आजोबांची भातशेती या डोंगरांच्या पायाशी, आणि तुला स्टेशनचा प्लॅटफॉर्म सापडत नाही. तू माझ्या मागे राहा. पुढे चाललास तर आपण दोघं गुजरातेत निघू." म्हणून मी कायम मागे. त्यांच्या यजमानांचा जुना फुल शर्ट त्या पंजाबी ड्रेसवर चढवायच्या. त्या शर्टाची निळी पाठ बघत मी चाललो. बाकी निसर्ग वगैरे जो काही होता तो त्या पाठीच्या आजूबाजूला असावा.

मॅडम निवृत्त झाल्या. यजमान आधीच गेलेले. मुलगा सम्यक पुण्याला नोकरीला. मॅडम एकदा उतरताना घसरल्या, मनगट मोडलं, आणि प्लास्टर बघायला आलेल्या सम्यकने जाहीर करून टाकलं की एसटी बंद, डोंगर बंद, आता पुण्याला चलायचं. मॅडम नाही म्हणाल्या. तो रडकुंडीला आला. "आई, तू कुठे असतेस ते मला रविवारभर माहीत नसतं. फोन लागत नाही. मी काय समजायचं?" शेवटी तह झाला. सम्यकने नवी गाडी घेतली होती. महिन्यातून एकदा तो येणार, गाडीने नेणार, गाडीने आणणार. हे जमलं तर मॅडमनी विठ्ठलवाडीतच राहायचं. नाही जमलं तर पुणे.

पहिल्या रविवारी आम्ही गाडीने निघालो. बदलापूरच्या मागे जी रांग आमच्या गच्चीवरून दिसते, तिच्या पायथ्याच्या गावात सम्यकने देवळाशेजारी सावली बघून गाडी लावली. चढाला लागलो आणि थोड्याच वेळात त्याचे नवे बूट त्याला चावायला लागले. "काका, तुम्ही आईबरोबर खिंडीपर्यंत जाऊन या. मी गाडीत बसतो. जेवायला खालीच या." मला फार बरं वाटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला आधीच माहीत होतं, आपण कुठे जाणार आणि कुठे येणार.

खिंडीत बसून आम्ही थर्मासमधला चहा प्यायलो. इकडे बदलापूरच्या इमारती, तिकडे धुरकट पनवेलची बाजू. मॅडमनी थर्मासचं झाकण लावलं, शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि चालू पडल्या. मी मागे. निळी पाठ पुढे. वाट उतरत होती, हे मला कळत होतं. पण घरी जाताना वाट उतरतेच. ऊन तोंडावर का येतंय, असा एक विचार मनात आला होता. मी टोपी पुढे ओढली.

खाली एक वाडी लागली. रस्ता लागला. समोरून टमटम आली, मॅडमनी हात केला, आम्ही बसलो. ड्रायव्हर म्हणाला, "पनवेल ना?"

मॅडम म्हणाल्या, "हो."

"मॅडम," मी म्हटलं, "सम्यक?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मागे वळून डोंगराकडे पाहिलं. आणि म्हणाल्या, "अरे."

त्या 'अरे'चा मी पुढे फार अभ्यास केला आहे. दचकल्याचा तो नव्हता. चोरी पकडली गेल्याचाही नव्हता. कुणी चहा आणून दिल्यावर आपण म्हणतो, तसा काहीसा होता. मी लगेच विचारायला हवं होतं. पण टमटममध्ये माझ्या मांडीवर कुणाची तरी तांदळाची पिशवी होती.

फोन लागला तो पनवेलच्या स्टँडवर. पलीकडून सम्यकच्या आधी गावातल्याच कुणीतरी "सापडल्या, सापडल्या" असं ओरडलेलं ऐकू आलं. पनवेलहून बदलापूरची एसटी, तिथून रिक्षा असं करत आम्ही देवळापाशी पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. गावची माणसं काठ्या घेऊन नुकतीच खाली उतरली होती. सम्यक अनवाणी होता. बूट कुठे काढले ते त्याला आठवत नव्हतं. त्याने आईला हाताला धरून गाडीकडे नेलं. गाडीत बसताना मॅडम त्याच्या कानाशी काहीतरी बोलल्या. त्यावर त्याने माझ्याकडे जे पाहिलं ते बघून मी म्हटलं, "मी आपला इथून जवळच राहतो, चालत जातो." तो म्हणाला, "जा." मग मी चुकीच्या रस्त्याने चालायला लागलो, आणि मला गावातल्या एकाने मोटारसायकलवरून सोडलं.

पुढच्याच महिन्यात मॅडम पुण्याला गेल्या. भांडल्या नाहीत. मला वाटलं होतं भांडतील. फोनवर सांगायच्या, "सोसायटीत चालायला ट्रॅक केलाय. गोल. सगळे चालतात आणि सगळे तिथेच असतात." एकदा धीर करून मी विचारलं, "मॅडम, त्या दिवशी विसरलात, की मुद्दाम?"

"तुला काय वाटतं?"

"विसरला असाल."

"मग विसरले. तुझ्या मागे कुठली गाडी चालू आहे? आवाज येतोय."

"रिक्षा आहे, मॅडम."

"हं," म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

मागच्या वर्षी त्या गेल्या. छातीत दुखलं, एवढंच निमित्त. जलदानविधी विठ्ठलवाडीच्या घरी होता. बुद्धवंदना झाली, लोक जेवायला बसले, आणि सम्यकने मला बाहेर गॅलरीत बोलावलं. त्या संध्याकाळनंतर तो माझ्याशी पहिल्यांदाच बोलत होता.

"काका, एक विचारायचंय. आई म्हणाली होती, भोईर पुढे चालत होता, तो वाट चुकला, मी आपली त्याच्या मागे गेले. दरवेळी तेच सांगायची." तो कठड्याची धूळ बोटाने पुसत होता. "पण मला राहून राहून वाटतं, ती मला तिथे सोडून मुद्दाम गेली. गाडी नको होती म्हणून. किंवा तिला काही आठवेनासं झालं होतं आणि मी बघितलंच नाही. तुम्ही होता तिथे. खरं काय?"

मी आयुष्यात एकदाही मॅडमच्या पुढे चाललो नव्हतो. मला फक्त पाठ माहीत होती. त्या पाठीला काय आठवत होतं आणि काय नाही, ते मला कुठून कळणार? पण त्याच्याकडे बघून ते सांगवेना.

"मीच पुढे होतो," मी म्हटलं. "खिंडीत मला वाटलं बदलापूर डावीकडे. त्या सांगत होत्या, मी ऐकलं नाही."

त्याने बराच वेळ माझा चेहरा तपासला. त्या चेहऱ्यावर, मला वाटतं, अविश्वास ठेवण्यासारखं काही नसावं.

"तरीच," तो म्हणाला, आणि भिंतीला पाठ लावून हळूच खाली बसला.