कुसाआजीची राखण

मखमलाबादच्या आमच्या वस्तीत गेल्या वर्षी बातमी फिरली, की कुसाआजी जन्मभर चोरून विड्या ओढायची, म्हणूनच तिच्या फुप्फुसात कॅन्सरची गाठ झाली. शेजारच्या मीनाकाकू तर तोंडाला पदर लावून सांगायच्या, “मी नाही हो कुणाजवळ बोलत! पण तिच्या पिशवीत बंडल मी या डोळ्यांनी पाहिलंय.”

बंडल होतं, पण ते गोटीबाबांचं. नवऱ्याच्या विड्या आजी आपल्या ताब्यात ठेवायची आणि जेवण झालं की एकच काढून द्यायची. दुसरी मागितली की म्हणायची, “संपल्या. तुमच्या अकलेवानी.” तिने स्वतः कधी विडी ओठाला लावली नाही. नुसती शेजारी बसली, चाळीस वर्षं. “त्यांनी वढली, मी गिळली,” म्हणते आणि हसते.

मला ती आठवते ती द्राक्षबागेत. तेव्हा बागांवर जाळ्या नव्हत्या, पाखरांपासून राखण माणसं करायची. लाकडी माळ्यावर आजी उभी, हातात गोफण, पायाशी पत्र्याचा डबा. “हाऽऽ हुर्र्र!” केलं की साळुंक्या पार कॅनॉलपलीकडे. मी सात वर्षांची, वेलीखाली लपून द्राक्षाचे मणी खायचे. पानं हलली की गोफण माझ्याकडे वळायची. मग मी गोटीबाबांचा तो बारीक, नाकातला आवाज काढायचे, “कुसे, ऱ्हाऊ दे गं. आपलंच हे!” आणि गोफण खाली. अख्खा एक हंगाम मी असा खाल्ला. आता गोटीबाबा नाहीत, बागेचेही प्लॉट पडलेत.

दवाखान्यात मी सोबत जायचे, कागद वाचायला. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, “आजी, शरीरात राखणदार पेशी असतात. परकं काही दिसलं की त्या तुटून पडतात. पण तुमची गाठ लबाड आहे. पेशी जवळ आली की ती खूण करते, मी आपलीच आहे, मला सोड.”

आजीने माझ्याकडे मान वळवली. “म्हंजी ही कार्टी!”

हसता हसता तिला ठसका लागला. मग डोळे पुसत म्हणाली, “आन तुमचं विंजेक्शन काय करतं? गाठ मारतं?”

“नाही. ती थाप राखणदाराच्या कानापर्यंत पोचू देत नाही. मारायचं काम त्याचंच.”

“मंग द्या. राखण मला कळती.”

तीन इंजेक्शनं झाली. स्कॅन आला, तर गाठ आधीपेक्षा मोठी. तिचा मुलगा अमोलकाका गाडीत बसल्या बसल्या म्हणाला, “आई, बास आता. घोटीकडं एक जडीबुटीवाला हे, त्याच्याकडं जाऊ.” मॅडमनी मात्र सांगितलं होतं, की कधी कधी, फार क्वचित, राखणदार पेशींचीच आत गर्दी होते आणि गाठ फुगलेली दिसते. खरोखर वाढलेलीही असू शकते. आजीचा दम आणि भूक सुधारलीय, म्हणून सहा आठवडे थांबून पुन्हा बघू.

“आमोल, पाखरं हाकाया धा माणसं बागंत शिरली की भाईरून बाग जास्तच हालती,” आजी म्हणाली. “मी थांबणार.”

काकाने गाडी घराकडे वळवली.

आमच्याकडे बाग फुलोऱ्यात आली, की म्हातारी माणसं गारपीट होणार म्हणून पैज लावतात. जे नको, त्याच्या बाजूने पैज लावायची आणि देवाकडे आपली हार मागायची. मी घाबरले होते, म्हणून तेच केलं. म्हटलं, “आजी, पैज. पुढच्या स्कॅनला गाठ आणखी मोठी निघणार.”

“निगाली तर?”

“तर तू घोटीला जायचं.”

“आन न्हाय निगाली, तर आठ दिस माझ्या पायांना तेल चोळायचं. कुनाचा आवाज काढून पळायचं न्हाय.”

सहा आठवडे गेले. मग स्कॅन झाला. मॅडमनी मागचं आणि आताचं अशी दोन्ही चित्रं शेजारी धरली आणि गाठीवर बोट ठेवलं: निम्म्याहून लहान. “गेली असं नाही म्हणणार मी,” त्या म्हणाल्या. “इंजेक्शनं चालू ठेवायची.” काका बाहेर जाऊन नळावर तोंड धुऊन आला.

आजीने तिथेच, खुर्चीत बसल्या बसल्या, चप्पल काढून उजवा पाय माझ्यापुढे केला.

आज चौथा दिवस. तिच्या मते मी टाच नीट चोळत नाही.