कबड्डीसाठी केलेलं लग्न

दिपमालाचं माहेर साक्री तालुक्यात, डोंगराच्या कडेला. बाप वना भाऊ कोरडवाहू शेती करायचा आणि पोरीनं शिकावं एवढंच म्हणायचा. साक्रीच्या कॉलेजात तिला कबड्डीत ओढलं ते खेळाच्या शिक्षिका नूतन मॅडमनी. मॅडमचा आवाज असा, की मैदानापलीकडचा चहावाला दचकावा. एसटी पकडायला धावणारी दिपमाला त्यांनी पाहिली आणि म्हणाल्या, "एवढी पळतेस, तर उद्यापासून माझ्या मैदानात पळ." वर्षभरात ती संघाच्या डाव्या कोपऱ्यावर उभी राहू लागली. चढाई करणारीचा पाय जरा जवळ आला, की दिपमाला झेपावून तिचा घोटा धरायची. धरलेला घोटा सहसा सुटायचा नाही.

असाच एक घोटा यावलच्या कॉलेजचे खेळाचे शिक्षक प्रेमराज सर यांनी पाहिला. त्यांचीच चपळ चढाईपटू मातीत आडवी झाली होती. सर हळहळले, आणि घरी गेल्यावर आपल्या मावसभावाला, अमृतला म्हणाले, "तुझ्यासाठी एक मुलगी पाहून ठेवलीय."

अमृत स्वतःच्या गाडीतून केळी बाजारात पोचवायचा. पाहुणे मुलगी बघायला आले, चहापोहे झाले, आणि दोघांना ओसरीवर बोलायला बसवलं. दिपमालानं आडपडदा ठेवला नाही. "मी कबड्डी खेळते. लग्नानंतरही खेळणार. चालेल?"

अमृत गोंधळला. "मला त्यातलं काही कळत नाही. पण बघायला येईन."

'खेळू देईन' असं तो म्हणाला नाही, 'बघायला येईन' म्हणाला, हे तिला फार आवडलं. उन्हाळ्यात लग्न झालं.

यावलला सासरी तिच्या अहिराणी बोलण्याची गंमत व्हायची. सासू भिकुबाई म्हणायची, "आमच्याकडे 'हाये' म्हंतात, माय." दिपमाला हसून म्हणायची, "आमनाकडे 'शे'च म्हंतस." महिनाभरात भिकुबाईच शेजारणीला सांगताना ऐकू आली, "सून घरातच शे!" आणि मग दोघी पोट धरून हसल्या.

दिपमालानं यावलच्या कॉलेजात नाव घातलं, सरावही सुरू झाला. आणि स्पर्धा तोंडावर आलेली असताना साक्रीच्या कॉलेजनं हरकत घेतली: ही खेळाडू आमची आहे, कॉलेज बदलायला आमची परवानगी घेतलेली नाही, आणि लग्न हा निव्वळ बहाणा आहे. हरकत घेणाऱ्या नूतन मॅडम.

दिपमालानं फोन लावला. "मॅडम, मी दिपमाला."

"कोण दिपमाला?" पलीकडून आवाज आला, आणि फोन बंद झाला.

विद्यापीठाच्या पात्रता समितीपुढे जळगावला सुनावणी ठरली. परवानगी नसेल तर वर्षभर बाहेर बसायचं, लग्नामुळे गाव बदललं असेल तर सूट, असा नियम होता. भिकुबाईसुद्धा नवं लुगडं नेसून निघाली. सुनेवर हरकत म्हणजे घरावर हरकत, असं तिचं म्हणणं.

समितीचे अध्यक्ष एक निवृत्त प्राचार्य होते. मॅडम त्यांना म्हणाल्या, "साहेब, स्थळ कुणी आणलं ते आधी विचारा."

प्रेमराज सरांनी पंख्याकडे पाहिलं. "मीच आणलं. पण संसार सुखाचा चाललाय, हा काय माझा गुन्हा झाला?"

अध्यक्ष दिपमालाकडे वळले. "खरं सांगा. लग्न कबड्डीसाठी केलं का?"

'नाही सर' एवढंच म्हणायचं, असं प्रेमराज सरांनी वाटेत चारदा बजावलं होतं. दिपमालानं एकदा मॅडमकडे पाहिलं आणि तिच्या तोंडून खोटं निघेना.

"हो सर," ती म्हणाली. प्रेमराज सरांनी कपाळाला हात लावला. "आधीच्या स्थळांना मी विचारलं, खेळू द्याल का. ते नाही म्हणाले, म्हणून मी त्यांना नाही म्हटलं. हे म्हणाले, बघायला येईन, म्हणून यांच्याशी केलं."

"आन् सासूबी खेळू देते, तेबी लिहा, साहेब!" मागून भिकुबाईनं सांगितलं.

अध्यक्षांनी हसू दाबत अमृतला विचारलं, "तुमचं काय म्हणणं?"

"साहेब, तिनं दुसऱ्या कशासाठी केलं असतं, तरी मला चाललं असतं."

आता खोलीतले सगळेच हसले. मॅडमसुद्धा. पण हरकत मागे घेता का, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "नाही. माझा डावा कोपरा गेलाय, साहेब."

समितीनं मधला मार्ग काढला. लग्न खरं, म्हणून दिपमालानं खेळावं. पण या वर्षी जुन्या कॉलेजविरुद्ध मैदानात उतरू नये.

धुळ्याच्या स्पर्धेत यावलचा संघ जोरात गेला, आणि उपांत्य फेरीत समोर नेमकी साक्री आली. दिपमाला बाहेर बसली. साक्रीच्या डाव्या कोपऱ्यावर आता ज्योती होती. तिला घोटा धरायला दिपमालानंच शिकवलं होतं. ज्योतीनं यावलच्या चढाईपटूचा घोटा असा पकडला, की दिपमाला उठून टाळ्या वाजवू लागली.

"अगं, आपली बाद झाली!" प्रेमराज सर ओरडले.

यावल दोन गुणांनी हरलं. सामना संपल्यावर नूतन मॅडम तिच्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. "तू कॉलेज सोडतेयस, हे मला ऑफिसातून कळावं?"

दिपमालाची मान खाली गेली. "चुकलं मॅडम. तुम्ही ओरडाल म्हणून सांगायची भीती वाटली."

"ओरडलेच असते. आणि मग परवानगीही दिली असती." मॅडमनी तिच्या पाठीत एक धपाटा घातला. "जा, ज्योतीला बघ जरा. पकड करताना फार ताठ उभी राहते."

पुढे विद्यापीठाचा संघ निवडला गेला, तेव्हा डाव्या कोपऱ्यावर दिपमाला, उजव्यावर ज्योती आणि व्यवस्थापक नूतन मॅडम, असं जमून आलं. बाहेरगावच्या स्पर्धेत त्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेल्या आणि तिथे दणकून हरल्या. परतीच्या गाडीत पोरींनी अहिराणी गाण्यांचा असा धुमाकूळ घातला, की डब्यातले परगावचे प्रवासीही ठेका धरू लागले, आणि सगळ्यांत वरचा आवाज अर्थातच मॅडमचा होता.