बाबांचे सरदारजीला सवाल

दीक्षेच्या आधीच्या वर्षी माझ्या बाबांना एका जागी बसवत नव्हतं. हिंदू धर्म सोडायचा, एवढं आमच्या वस्तीत पक्कं होतं. पण जायचं कुठं? कोणी म्हणे बुद्धाकडे, कोणी म्हणे, मागं एकदा शीख व्हायचं चाललं होतं, ते काऊन राहिलं? बाबा जेवता जेवता उठून चर्चेत जाऊन बसायचे. माय चिडायची, "आधी पोटात तर टाका!"

बाबा सडकेच्या गँगवर गिट्टी टाकायचे. जवळच्या जाम गावाच्या चौकात एका सरदारजीचं रोटीचं हॉटेल होतं. फाळणीत पंजाबातलं घरदार टाकून तो इकडे आला होता. गावातल्या हॉटेलात आमच्या माणसांचे कप बाहेर कोनाड्यात ठेवलेले असत. सरदारजीने मात्र पहिल्याच दिवशी बाबांना आत, ट्रकवाल्यांच्या शेजारी बसवलं. त्या दिवसापासून बाबांच्या डोक्यात शीख व्हायचं आणखीच घोळू लागलं.

एका रविवारी ते मला घेऊन तिथं गेले. मी चौथीत होते आणि हिंदी मला त्यांच्यापेक्षा बरी कळायची.

"सरदारजी, तुमच्यात देव कोन्ता?" बाबांनी बसायच्या आधीच विचारलं.

"एकच. ना रूप, ना मूरत."

"मंग पूजा कायची करता?"

"मूर्तीपूजा नहीं. ग्रंथसाहेब वाचतो. वही हमारा गुरू."

"अन् केस काऊन नाई कापत?"

"रब ने जैसे दिये, वैसे रखने." मनगटावरचं लोखंडी कडं त्याने माझ्यासमोर धरलं. "और ये देख बेटी. या हाताने बुरा काम नको, म्हणून."

मग म्हणाला, गिरडच्या डोंगरावर ज्या बाबांचा दर्गा आहे ना, त्यांची बानी, त्यांची पदं, आमच्या ग्रंथात आहेत. माझे बाबा चकित झाले. "मुसलमान बाबाची?" "हां. और कपडा बुननेवाले जुलाहे की, चमार की भी." बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी नीट ऐकलं की नाही, याची त्यांना खात्री हवी होती.

गुरुद्वारातल्या लंगरात राजा आणि भंगी एका पंगतीत बसतात, हेही सरदारजीने सांगितलं. बाबा मांडी बदलत होते, टोपी काढत होते, घालत होते. शेवटी म्हणाले, "एक सांगा. खरं सांगजा. मी उद्या शीख झालो, तर तुमी माझी पोरगी सून म्हनून घरात घ्यान?"

लाजेनं मी मान खाली घातली. भट्टीवरची रोटी करपायला लागली, पण सरदारजी हलला नाही.

"गुरूंनी सांगितलं, जात नाही," तो सावकाश म्हणाला. "पर भाऊ, मेरे गाँव में भी एक बस्ती बाहर थी. तुझसे झूठ नहीं बोलूँगा."

बाबा तसेच उठले. घरापर्यंत ते इतके भराभर चालले, की मला पळावं लागलं. ते रागावले होते की कसं, मला कळेना. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "मानूस खरा आहे. पन मले आता काई सुचून नाई राह्यलं."

मग वस्तीचं बुद्धाकडेच जायचं ठरलं. पुढच्या दसऱ्याला आम्ही पांढरे कपडे घालून नागपूरला गेलो आणि बुद्धाला शरण गेलो. परत आल्यावर बाबा कितीतरी दिवस जामच्या चौकातून जायचं टाळत होते. सरदारजीला वाईट वाटलं असेल, हे त्यांच्या मनातून जाईना. शेवटी मायच म्हणाली, "जा ना एकदाचे, तो काय तुमाले खाते थोडाच!"

आम्ही गेलो. सरदारजीने बाबांना दोन्ही हातांनी धरून बाकावर बसवलं. "अब तू बता. तुम्हारे में देव कोणता?"

"देव नाई," बाबा म्हणाले.

"देव नाई? तो फिर प्रार्थना किसको?"

बाबा अडखळले. पंचशील त्यांनी घडाघडा म्हणून दाखवलं, पण सरदारजीने पुन्हा विचारलं, "वो ठीक, पर प्रार्थना किसको?" चहा अर्धा टाकून बाबा उठले. हिंगणघाटला आमच्यातले एक शिकलेले मास्तर होते. त्यांना हाच सवाल विचारायला बाबा त्याच दुपारी निघाले. मला म्हणाले, "तू घरी जाजो. मायले सांगजो, उशीर होईन."